दगडूच्या अंगावरचे केस

बायजाने कापलेली केळीची पानं मुंबईला जात. तिथे लग्नामुंजीच्या पंगतीत ती मांडली जात आणि बड्या घरची माणसं त्यांवर वरणभात कालवून जेवत. पण बायजाच्या हातचं पाणी मात्र सांडोरच्या वाडीत कुणी पीत नसे. पान चालतं आणि पाणी चालत नाही, हे कसं काय, असा प्रश्न कुणाला पडत नव्हता. अडचणीचे प्रश्न न पडू देण्यात आपली माणसं पहिल्यापासून हुशार.

कारण एवढंच की बायजाला कोड होतं. लग्न होऊन ती चांदीपला नांदायला गेली, तिथे मनगटावर पहिला पांढरा ठिपका उठला. मग तो मानेवर आला, मग ओठाच्या कडेला. नवऱ्याचं नाव धर्मा. माणूस तसा मारणारा नव्हता, ओरडणाराही नव्हता. त्याने तिला बैलगाडीत घातलं, खाडीकाठी तिच्या भावाच्या घरी आणून सोडलं आणि म्हणाला, "अंग बरं झालं का नेईन." एवढं बोलून तो गेला, आणि त्याने दुसरी बायको केली.

बायजाने मात्र तो शब्द गाठीला बांधला. गावच्या वैद्याने बावचीचं तेल दिलं होतं. ते रोज सकाळी डागांना चोळायचं आणि उन्हात बसायचं. अंग भाजून निघे, कधी फोड येत, वासाने शेजारीण खिडकी लावून घेई. डाग तसेच. भाऊ काळूराम मिठागरावर कामाला होता. बहिणीवर त्याची माया होती, पण मायेपेक्षा गावाची भीती जास्त होती. तो आपलं पाणी वेगळ्या माठातून आपणच घेई, आणि दरवर्षी भातलावणी जवळ आली की म्हणे, "औंदा येल बघ धर्मा. तेल लाव तू." धर्मा काही येत नसे. त्याची दुसरी बायको वारली तेव्हाही आला नाही.

बायजा रोज बांधावरून चालत सांडोरला जायची, काशिनाथभाऊंच्या वाडीत पानं कापायला. पान कापणं हे काही नुसतं कोयती चालवणं नसतं. वाऱ्याने चिरलेलं पान कुणी घेत नाही. कोवळं पान देठाशी तोलून उतरवावं लागतं, दुमडताना शीर मोडू द्यायची नसते. बायजाच्या हातून पान फाटत नसे, म्हणून तिचे डाग काशिनाथभाऊंना दिसत नसत. म्हणजे वाडीत दिसत नसत. ओट्यावर आली की दिसत.

या काशिनाथभाऊंचे धाकटे भाऊ एकनाथ मुंबईला एका मोठ्या कचेरीत होते. देश स्वतंत्र झाला, त्यांचा गोरा साहेब विलायतेला परत निघाला, आणि जाता जाता आपला लाडका ससा त्यांच्या हवाली करून गेला. चिंचिला जातीचा ससा. रंग पहाटेच्या राखेसारखा, आणि केस इतके दाट की फुंकर घातली तर आत निळसर, मग पांढरं, मग काळं असे थर दिसत. एकनाथरावांची मुंबईतली खोली लहान. त्यांनी तो वाडीवर आणून वहिनींना भेट दिला. वहिनी म्हणजे आनंदीबाई. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी ससा दाखवला जाई, मग चहा. बायजा येता जाता लांबून बघायची. हात लावायची तिला मुभा नव्हती.

मग दिवाळी आली. त्या घरची रीत अशी की नरकचतुर्दशीला घरातल्या कुणाचंही अंग कोरडं राहता कामा नये. माणसं झाली की रहाटाच्या रेड्याला तेल, गोठ्यातल्या म्हशीला तेल, दारच्या कुत्र्याच्यासुद्धा कपाळाला तेलाचं बोट. आनंदीबाई मनाच्या चांगल्या. सशाने काय पाप केलं होतं त्याला वगळायला? घरच्या नारळाचं ताजं तेल त्यांनी त्याच्या अंगावर मुरवलं, उटणं लावलं, कढत पाण्याने न्हाऊ घातलं, वर ओवाळलं. तेवढ्या दाट केसांत शिरलेलं तेलपाणी वाळणार कधी? ओल्या अंगाने तो कोंबड्यांच्या खुराड्याशेजारच्या पिंजऱ्यात जाऊन बसला, तो बसलाच.

देवदिवाळीपर्यंत त्याची दशा बघवेना. केसांच्या तेलकट गाठी झाल्या आणि कातडीसकट सुटू लागल्या. कानांत खपल्यांचे थर साचले. तो रात्रंदिवस अंग खाजवी, आणि पाहुणे आले की पिंजऱ्यावर आता गोणपाट टाकलं जाई. शेवटी काशिनाथभाऊ वाडीत येऊन बायजाला म्हणाले, "तो ससा घेऊन जा आणि खाडीला नेऊन टाक. नाहीतर काळूरामला दे, तुमच्यात खातात ना?"

बायजाने पिंजऱ्यात हात घातला. आता मुभा होती. ससा तिच्या हातात आला आणि थरथरत तिच्या कोपराच्या वाकणात तोंड खुपसून राहिला. कित्येक वर्षांत कुणी तिच्या अंगाला असं आपण होऊन टेकलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच्या पाठोपाठ संताप. टाक! अंगावरचं चांगलं होतं तोवर मांडीवर, आणि खराब झालं की खाडीत? धर्माच्या तोंडून असलंच काहीतरी तिने ऐकलं होतं.

ती खाडीकडे गेली नाही. पानांच्या टोपलीत ससा घालून ती तडक तालुक्याच्या गावी गुरांच्या दवाखान्यात गेली. तिथे शरदचंद्र नावाचा तरणा डॉक्टर नुकताच आला होता. म्हशीच्या शेपटीमागे उभं राहून कंटाळलेल्या त्या माणसाने टोपलीत डोकावून पाहिलं.

"हा कशाला आणलास? खायचा आहे की पाळायचा?"

"जगवायचा हाय," बायजा म्हणाली.

डॉक्टर तोपर्यंत हसत होता, तो हसायचा थांबला. त्याने ससा टेबलावर घेतला, कान उलटे करून पाहिले, गाठी झालेले केस मुळाशी कातरून काढले. खरूज कुत्र्यामांजराकडून लागली असणार, पण तेलाने आणि ओलीने फोफावली, असं म्हणाला. गंधकाचं मलम दिलं. आठवड्याच्या अंतराने कधी लावायचं, किती पातळ लावायचं, सगळं सांगितलं. खपल्या ओढायच्या नाहीत, आपोआप पडू द्यायच्या. पाणी अंगाला लावायचं नाही. खाली पेंढा रोज नवा, कोरडा.

"आनि केस येतील त्यांना तेल कंचं लावू?"

"तेल बंद!" डॉक्टर जवळजवळ ओरडला. "या मुलखात जो तो तेल घेऊन का धावतो कळत नाही. केस येतात ते आतून. पोटाला गवत द्या, अंग कोरडं ठेवा, भीती घालवा. यायचे असतील तर येतील."

बायजा दारापर्यंत गेली आणि परत फिरली. "आनि नाय आले तर?"

"नाही आले तर काय त्याचं मांजर होणार आहे? ससा तो ससाच राहणार."

बांधावरून घरी येईपर्यंत ती हे वाक्य मनात घोळवत होती. घरी आल्यावर तिने कोनाड्यातली बावचीच्या तेलाची बाटली काढली. काळूरामच्या दाराच्या बिजागऱ्या कित्येक दिवस किरकिरत होत्या. त्यांवर तिने ती बाटली उलटी केली. दार मुकाट झालं. दुसऱ्या दिवशी ती उन्हात बसली नाही.

काळूराम संध्याकाळी मिठागरावरून आला, तर दार आवाज न करता उघडलं आणि आत त्याच्या घरात एक अर्धा सोललेला ससा बसलेला.

"येडी झालीस तू? घरात खरजेचं जनावर! धर्माच्या कानावर गेलं तर काय म्हनंल तो?"

"काय म्हनंल? टाकंल मना?" बायजा म्हणाली. "टाकून झालंय त्याचं."

काळूराम जेवायला बसला.

तिने सशाचं नाव ठेवलं दगडू. ज्या घरात पोरं जगत नाहीत तिथे पोराला दगडू, धोंडू, केरू असलं नाव देतात. यमाने ऐकावं आणि म्हणावं, हे काय नेण्यासारखं नाही. गावाला मात्र नावाने फसवता आलं नाही. संध्याकाळी आळीतली मंडळी अंगणात जमू लागली. कुणी म्हणे हा ससा नव्हे घूस आहे, कुणी म्हणे केस नाहीत ते बरंच, सोलायचा त्रास वाचला. कुणाचं तरी पोर अंग खाजवत होतं, तर तेही दगडूच्या माथी. वास्तविक पोराला मागच्या पावसाळ्यापासून खरूज होती. पण आयतं जनावर मिळाल्यावर मागचा पावसाळा कोण आठवतो?

"सांजच्याला मसाला वाटून आनू का?" नथू म्हणाला. हा शेजारचा, फुकटच्या जेवणाला सदा हजर.

बायजा उंबऱ्यावर बसली होती. तिने पानं कापायची कोयती मांडीवर आडवी ठेवली. "आन. पन पयला घास कोनाचा ते आदीच ठरवून या."

दुसऱ्या दिवसापासून अंगण मोकळं राहू लागलं.

राखण सोपी होती, पण केस आणणं हे किचकट काम. मलमाने खपल्या सुटल्या आणि खाली गुलाबी, उघडी कातडी दिसू लागली. थंडीच्या दिवसांत बायजा त्याला आपल्या जुन्या लुगड्याच्या घडीत ठेवी. ते तो कुरतडी, पण बायजा ते ओलं मात्र होऊ देत नसे. सकाळी दव सुकल्यावर हरळी कापून आणायची, ती उन्हात कोमेजवून घालायची. मग एक दिवस उजेडाकडे धरल्यावर त्याच्या पाठीवर बारीक लव दिसली, उंदराच्या पिल्लाच्या अंगावर असते तेवढीच. बायजाला इतका आनंद झाला की तिने तो कुणाला तरी सांगायचं ठरवलं, आणि सांगण्यासारखं माणूस एकच होतं.

काशिनाथभाऊंच्या वाडीला लागून लूर्डस नावाच्या किरिस्तांव बाईची भाजीची वाडी होती. नवरा गेल्यापासून लूर्डस एकटीच वांगी आणि पडवळ पिकवायची, रविवारी देवळात जायची आणि उरलेले दिवस सगळ्या गावाला शिव्या द्यायची. तिने दगडूला उलटासुलटा करून पाहिला आणि आत जाऊन एक मऊ ब्रश आणला. नवऱ्याच्या लग्नातल्या कोटाचा.

"घे गो. कोटाला कसर लागली, ब्रश तेवढा ऱ्हायला. पन हळू फिरव, केसांच्या उताराने. उलटा फिरवशील तर मुळं दुखतील."

पोटाखालचे केस आले ते एकमेकांत गुंतून. पाणी तर लावायचं नव्हतं. डॉक्टरला पुन्हा विचारलं तर तो म्हणाला, कोरडं पीठ भुरभुरवून बोटांनी गाठ सोडव, नाही सुटली तर कातर, ओढू नको. रेशनचे दिवस ते. तांदळाचा दाणा सोन्यासारखा. बायजा कण्या कांडून झाल्या की उखळाच्या तळाला राहिलेलं पीठ हाताने पुसून घेई आणि ते दगडूच्या पोटाला लावी. झालं, आळीला नवा विषय मिळाला. माणसांना भाकर नाही आणि सशाला पावडर!

"माझ्या भाकरीतलं हाय," बायजा रस्त्यावरून जाताना मोठ्याने म्हणे, "ज्याचं पोट दुखतं त्यानं ववा खावा."

होळीपर्यंत दगडू भरला. चैत्राच्या उकाड्यात तिने त्याच्या टोपलीला बाहेरून ओलं गोणपाट लावलं, थेंब आत पडणार नाही असं. दिवसा त्याला लूर्डसच्या वाडीत पडवळाच्या मांडवाखाली ठेवायचं आणि आपण पानं कापायला जायचं. त्याचे केस पूर्वीइतकेच दाट आले. फक्त जिथे खरूज फार खोल गेली होती, तिथे, मानेवर, पाठीवर आणि एका कानाच्या मुळाशी, ते पांढरे आले. राखेच्या रंगावर स्वच्छ पांढरे डाग. पहिल्यांदा ते ओळखू आले तेव्हा बायजाने ब्रश खाली ठेवला. मग आपलं मनगट तिने त्याच्या पाठीशेजारी धरलं आणि तिला हसू फुटलं. एवढं मोकळं ती चांदीपहून आल्यापासून हसली नव्हती.

मांडवाखालचा ससा काशिनाथभाऊंच्या कानावर जायला वेळ लागला नाही. त्यात एकनाथरावांचं पत्र आलं की मे महिन्यात मी येतो, ससा कसा आहे? मग काय, आनंदीबाईंचा निरोप आला: ससा घेऊन ओट्यावर ये.

बायजा टोपली घेऊन गेली. आनंदीबाईंनी कौतुकाने टोपलीत हात घातला, ससा उचलला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, याला तर कोड..."

पुढचं त्यांनी गिळलं. काशिनाथभाऊ पानाला चुना लावत होते, ते लावतच राहिले. पण आनंदीबाई खरंच मनाच्या चांगल्या, त्यांनी ससा छातीशी धरला, त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "असू दे गं. किती मऊ झालाय! भावजींना सांगू, मोठा झाला की या जातीला असेच डाग येतात. ठेव त्याला पिंजऱ्यात."

"जात अशी नाय, बाई," बायजा म्हणाली. "खरूज झाली व्हती. तुमी टाकलात."

"बरं, टाकला असेल," काशिनाथभाऊंनी मान वर केली. "पण ससा आमचाच ना?"

"व्हता."

"म्हणजे? टाकला म्हणून तुझा झाला काय?"

"टाकला म्हनून नाय, भाऊ. राखला म्हनून."

काशिनाथभाऊंना कुणी उलट बोलायची सवय नव्हती. त्यांचा चेहरा तांबडा झाला. "ससा ठेव आणि कामाला लाग. नाहीतर उद्यापासून माझ्या वाडीत पाऊल टाकू नकोस."

काम गेलं तर काळूरामच्या तुकड्यावर जगायचं, हे बायजाला ठाऊक होतं. तरी तिने आनंदीबाईंच्या हातातून ससा घेतला. बोटाला बोट लागलं, आनंदीबाई दचकल्या, आणि त्या दचकण्यानेच बायजाचं मन पक्कं झालं. वाडीची कोयती तिने ओट्याच्या पायरीवर ठेवली आणि ती चालू लागली. मागे वळून पाहिलं नाही.

लूर्डसने तिला त्याच दुपारी वांग्यांच्या वाफ्यात उभं केलं. काशिनाथभाऊंकडे पानं कापायला दुसरी माणसं आली, आणि त्या हंगामात मुंबईचा व्यापारी फाटक्या पानांचे गठ्ठे परत पाठवत राहिला. एकनाथराव येऊन गेले, त्यांना काय सांगितलं गेलं ते देव जाणे. वैशाखात एक गडी बायजाला बोलवायला आला. तिने त्याला सांगितलं, वांग्यांना पाणी द्यायचंय.

आणि मग, ज्याची वाट बघण्यात तिची जवानी गेली होती, तो धर्मा आला.

भर दुपारी आला, चांदीपहून पायी. दार किरकिरलं नाही, त्यामुळे तो पडवीत उभा राहीपर्यंत कुणाला कळलं नाही. काळूराम जेवून लवंडला होता, तो धडपडत उठला, पावण्याला चटई टाकली. बायजा दगडूला मांडीवर घेऊन त्याची पाठ विंचरत होती. तिने ब्रश थांबवला. धर्माचे केस पिकले होते, गाल बसले होते. तिला वाटलं होतं, हा दिसला की आपल्या छातीत काहीतरी होईल. झालंही, पण ते जुनं दुखणं होतं, नवं नव्हतं.

"लावनी आली तोंडावर," धर्मा म्हणाला. "घरात बाईमानूस नाय. तुला न्यायला आलोय."

काळूरामचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांची त्याच्या डोक्यावरची मोट उतरणार होती.

"अंग काय बरं झालं नाय माझं," बायजा म्हणाली. "तेलबी बंद केलं मी."

"ऱ्हाऊ दे." धर्माने उदार हात हलवला. "डाग हाय तर हाय. आता चालंल मना."

बायजाने दगडूला खाली ठेवलं. आत गेली, आपल्या माठातलं पाणी तांब्यात भरून आणलं आणि धर्मापुढे धरलं. चांदीपहून उन्हात चालत आलेला माणूस, ओठ सुकून पांढरे पडलेले. त्याने तांब्याकडे पाहिलं. मग तांब्याभोवतीच्या तिच्या बोटांकडे पाहिलं. पांढरं बोट, सावळं बोट, पांढरं मनगट.

"तहान नाय," तो म्हणाला.

तांब्या बायजाने मागे घेतला नाही. "तुला चालंल," ती म्हणाली, "पन मना नाय चालत."

धर्माने मेहुण्याकडे पाहिलं. बायकोला समजावायचं काम भावाचं असतं. काळूराम उठला. बायजाला वाटलं, आता हा हात धरून आपल्याला गाडीरस्त्याला लावणार. त्याने हात पुढे केला, तिच्या हातातला तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि घटाघटा पिऊन रिकामा केला. पाणी त्याच्या दाढीवरून छातीवर ओघळलं.

मग रिकामा तांब्या तिच्या हातात देऊन तो धर्माला म्हणाला, "नीघ तू. लांब जायचंय."